दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ला (मातीचा किल्ला) म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत घराच्या अंगणात, वाड्याच्या चौकात, सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर दगड, विटा व माती यांपासून उभारलेली किल्ल्याची लहान प्रतिकृती होय. ही प्रथा महाराष्ट्रात, तसेच बेळगाव व निपाणी या सीमाभागांत प्रचलित आहे. किल्ला प्रामुख्याने मुले बांधतात. त्याच्या माथ्यावर छत्रपती शिवाजी महाराजांची मूर्ती बसवतात आणि तटबंदीवर, उतारांवर व पायथ्याच्या गावात मावळे, तोफा, प्राणी व गावकरी यांची मातीची चित्रे मांडतात. सायंकाळी किल्ल्यावर पणत्या लावल्या जातात.

भूभागाची लहान प्रतिकृती तयार करणे आणि तिच्यावर सैनिकांच्या छोट्या मूर्ती मांडणे हे युरोप व अमेरिकेत रूढ असलेल्या लघुप्रतिकृती युद्धखेळांचेही मुख्य अंग आहे. दोन्ही छंद स्वतंत्रपणे वाढले असले तरी त्यांतील कारागिरीचे प्रश्न बरेचसे सारखे आहेत. मुख्य फरक असा की, युद्धखेळात नियमांनुसार लढाई खेळली जाते, तर दिवाळीतील किल्ला हा पाहण्याचा व दाखवण्याचा देखावा असतो.

## स्वरूप

किल्ल्याचे दोन ठळक प्रकार आढळतात. पहिला काल्पनिक किल्ला. यात एक डोंगर, वर सिंहासन, वळणावळणाची वाट, एखादी गुहा, तळे व पायथ्याचे गाव अशी रचना बांधणाऱ्यांच्या कल्पनेप्रमाणे केली जाते. दुसरा प्रकार प्रत्यक्ष किल्ल्याच्या प्रतिकृतीचा. यात रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग, जंजिरा, देवगिरी यांसारखा एखादा किल्ला निवडून त्याचा नकाशा, छायाचित्रे व शक्य असल्यास प्रत्यक्ष भेट यांच्या आधारे त्याची रचना उभी केली जाते. घरगुती किल्ले बहुधा पहिल्या प्रकारचे असतात, तर स्पर्धांतून दुसऱ्या प्रकाराला प्राधान्य मिळते.

सहामाही परीक्षा संपताच बांधकामास सुरुवात होते आणि वसुबारस ते लक्ष्मीपूजन या दिवसांत किल्ला पूर्ण केला जातो. भाऊबीजेनंतर किंवा तुळशीच्या लग्नापर्यंत तो ठेवून नंतर मोडतात. काही ठिकाणी शेवटच्या दिवशी फटाके लावून किल्ला उडवण्याचीही पद्धत आहे. चित्रे मात्र धुऊन, कागदात गुंडाळून पुढील वर्षासाठी जपून ठेवली जातात. त्यामुळे अनेक घरांत वेगवेगळ्या वर्षी घेतलेली, निरनिराळ्या आकारांची चित्रे एकत्र जमलेली दिसतात.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शेकडो किल्ले आहेत. सह्याद्रीतील गिरिदुर्ग, कोकण किनाऱ्यावरील जलदुर्ग आणि पठारावरील भुईकोट हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. सतराव्या शतकात स्वराज्याची उभारणी किल्ल्यांच्या आधारे झाली आणि ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक रायगडावर झाला. त्यामुळे किल्ला हे मराठी भाषकांच्या ऐतिहासिक स्मृतीचे मुख्य प्रतीक ठरले आहे. दिवाळीतील किल्ल्याच्या प्रथेचा संबंध याच स्मृतीशी जोडला जातो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील ११ आणि तामिळनाडूतील जिंजी हा एक, असे हे किल्ले आहेत. यांपैकी अनेक किल्ले त्याआधीपासूनच दिवाळीच्या प्रतिकृतींचे आवडते विषय होते.

## साहित्य

### माती

किल्ल्याचा गाभा दगड, विटा, फुटकी कौले, लाकडी फळकुटे किंवा रिकामी खोकी यांचा असतो. त्यावर गोणपाट अंथरून चिखलाचा लेप देतात. गोणपाटामुळे चिखल उतारावरून घसरत नाही आणि डोंगराला नैसर्गिक सुरकुत्या येतात.

लेपासाठी कोणती माती मिळते यावर किल्ल्याचे रूप अवलंबून असते. कोकण, कोल्हापूर व बेळगाव या भागांत लाल माती सहज उपलब्ध असते. छत्रपती संभाजीनगर व मराठवाड्याच्या मोठ्या भागात बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती आढळते. ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे केवळ काळ्या मातीचा लेप दोनतीन दिवसांत भेगाळतो. हा दोष टाळण्यासाठी तिच्यात मुरूम, वाळू, भुसा किंवा शेण मिसळतात आणि जाड थराऐवजी एकावर एक पातळ थर देतात. मराठवाड्यातील खेड्यांत घरे व गढ्या बांधण्यासाठी वापरली जाणारी पांढरी माती मिळाल्यास तीही उपयोगी पडते. तटबंदीसाठी चाळलेल्या मातीचा घट्ट गोळा वापरतात आणि त्यावर काडीने रेघा ओढून दगडी बांधकामाचा आभास निर्माण करतात. रंगासाठी गेरू, काव, चुना, राख व कोळशाची पूड वापरली जाते.

### हिरवळ

उतारावर गवत दिसावे म्हणून हळीव, मोहरी, नाचणी किंवा गहू पेरतात. यांपैकी हळीव विशेष सोयीचे असते. हळिवाच्या बियांना पाणी लागताच त्यांच्याभोवती बुळबुळीत, चिकट आवरण तयार होते. त्यामुळे ती उभ्या उतारावरही चिकटून राहतात. एकदोन दिवसांत ती रुजतात आणि चारपाच दिवसांत दाट हिरवळ दिसू लागते. म्हणून लक्ष्मीपूजनाला किल्ला हिरवा हवा असल्यास पेरणी किमान पाच दिवस आधी करावी लागते. पाणी धारेने ओतल्यास बी व माती दोन्ही वाहून जातात. ते हाताने किंवा पिचकारीने शिंपडतात. वेळ कमी असल्यास हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा पसरला जातो.

## बांधणी

बांधकामाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो:

- जागेची निवड व जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने आराखडा काढणे.
- दगडविटांचा गाभा रचणे, गुहा व भुयारासाठी डबे किंवा नळीचे तुकडे आधीच बसवणे.
- गोणपाट अंथरून चिखलाचे थर देणे.
- ओल्या मातीतच वाटा, पायऱ्या व टप्पे कोरणे.
- बुरूज, तटबंदी, दरवाजे व माथ्यावरील वास्तू बसवणे.
- बी पेरणे, रंग देणे, तळ्यात व खंदकात पाणी सोडणे.
- चित्रे मांडणे व किल्ल्याच्या नावाची पाटी लावणे.

यांपैकी वाट कोरण्याचे काम सर्वांत कठीण समजले जाते. वाट फार सरळ ठेवल्यास ती चढण्याजोगी वाटत नाही आणि फार वळणे घेतल्यास डोंगराचा आकार बिघडतो. प्रत्यक्ष गडांवर वाट व दरवाजा यांची रचना संरक्षणाच्या दृष्टीने केलेली असते. रायगडाच्या महादरवाजासारख्या गोमुखी रचनेत दरवाजा दोन बुरुजांच्या आड, वळणावर असतो. त्यामुळे हल्लेखोरांना तो दुरून दिसत नाही, हत्तीला धडक देण्यासाठी सरळ धाव घेता येत नाही आणि आत शिरणाऱ्यांवर बुरुजांवरून मारा करता येतो. मातीत हे वळण कोरून पाहिले की दरवाजा समोरासमोर का ठेवला नाही, हे आपोआप लक्षात येते.

जलदुर्गाच्या प्रतिकृतीत डोंगराऐवजी पाण्याचा प्रश्न येतो. मातीचे तळे पाणी शोषून घेते आणि तटाचा पाया भिजून ढासळतो. यासाठी खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात किंवा तळाला सिमेंटचा पातळ थर देतात.

## चित्रे

किल्ल्यावर मांडल्या जाणाऱ्या छोट्या मूर्तींना बोलीत चित्रे म्हणतात. ती पारंपरिकरीत्या कुंभार तयार करतात. दोन भागांच्या साच्यात माती दाबून मूर्ती काढली जाते, नंतर ती वाळवून भाजतात व रंगवतात. पुढील काळात प्लास्टर ऑफ पॅरिस व प्लास्टिकची चित्रेही बाजारात आली. प्लास्टरची चित्रे हलकी व स्वस्त असतात, परंतु ओल्या मातीत ठेवल्यास त्यांचा तळ भिजून रंग निघतो.

चित्रांच्या संचात सिंहासनावर बसलेले महाराज, भालदार-चोपदार, ढाल-तलवार घेतलेले मावळे, घोडेस्वार व तोफा यांचा समावेश असतो. पायथ्याच्या गावासाठी शेतकरी, गवळण, भाजीवाली, वासुदेव, बैलगाडी व मंदिर, तर जंगलासाठी वाघ, हरणे व मोर घेतले जातात. यामुळे किल्ला केवळ लष्करी वास्तू राहत नाही. गडावरचे राज्य पायथ्याच्या शेतीवर व बाजारपेठेवर उभे होते, ही गोष्ट मांडणीतून सूचित होते.

## प्रमाणाचा प्रश्न

दिवाळीतील किल्ल्यात डोंगर, वास्तू व माणसे यांचे प्रमाण एक नसते. महाराजांची मूर्ती बहुधा सर्वांत मोठी असते, मावळे त्याहून लहान आणि दरवाजे अनेकदा मावळ्यांहूनही लहान असतात. यात बांधणाऱ्यांचे अज्ञान असते असे नाही. एकच प्रमाण पाळणे व्यवहारात अशक्य असते.

देवगिरीचा डोंगर सभोवतालच्या जमिनीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे. त्याची प्रतिकृती एक मीटर उंच करायची असल्यास प्रमाण १:२०० होते. या प्रमाणात १.७ मीटर उंचीचा माणूस केवळ ८.५ मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा भरेल. उलट, बाजारातील १० सेंटिमीटरचा मावळा प्रमाण मानल्यास (सुमारे १:१७) देवगिरी जवळपास १२ मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढा बांधावा लागेल. म्हणून डोंगरासाठी एक व चित्रांसाठी दुसरे अशी दोन प्रमाणे वापरली जातात. काही गट यावर उपाय म्हणून मोठी चित्रे पायथ्याशी, प्रेक्षकाच्या जवळ आणि लहान चित्रे माथ्याकडे ठेवतात. त्यामुळे डोंगर आहे त्याहून उंच भासतो.

## देवगिरीची प्रतिकृती

छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे १५ किलोमीटर अंतरावर देवगिरी (दौलताबाद) किल्ला आहे. तो यादवांची राजधानी होता. इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने त्यावर स्वारी केली. इ.स. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने येथे राजधानी हलवून त्यास दौलताबाद हे नाव दिले. पुढे बहमनी व निजामशाही सत्तांकडे असलेला हा किल्ला इ.स. १६३३ मध्ये मोगलांनी जिंकला.

प्रतिकृतीच्या दृष्टीने देवगिरी सह्याद्रीतील गडांपेक्षा वेगळा आहे. राजगडासारख्या गडाचे सामर्थ्य त्याच्या माच्यांच्या पसाऱ्यात असते. देवगिरीचे सामर्थ्य एकापाठोपाठ एक ओलांडाव्या लागणाऱ्या अडथळ्यांत आहे. अंबरकोट, महाकोट व कालाकोट या तटबंदीच्या रांगा, त्यानंतर खडकात खोदलेला खंदक, त्यावरील एकच अरुंद पूल, तासून उभा केलेला सुमारे ५० मीटरचा कडा आणि कड्याच्या पोटातून वर नेणारा अंधारी नावाचा भुयारी मार्ग, असा हा क्रम आहे. हा क्रम चुकल्यास प्रतिकृती बाहेरून कितीही हुबेहूब असली तरी किल्ला समजत नाही.

१:२०० प्रमाणात कडा सुमारे २५ सेंटिमीटरचा होतो. चिखलाची एवढी उभी भिंत स्वतःच्या वजनाने ढासळते. म्हणून कडा विटा उभ्या रचून करतात आणि माती फक्त वरच्या, उतरत्या भागाला लावतात. अंधारी दाखवण्यासाठी डोंगराची एक बाजू उघडी ठेवून आतील मार्गाचा छेद दाखवणे सोयीचे ठरते, कारण पूर्ण झाकलेले भुयार प्रेक्षकाला दिसतच नाही.

देवगिरीच्या प्रतिकृतीपुढे काळाचाही प्रश्न असतो. आज किल्ल्याकडे जाताना प्रथम नजरेत भरणारा चांदमिनार पंधराव्या शतकात, बहमनी काळात उभारला गेला. बारादरी व मेंढा तोफ मोगल काळातील आहेत. त्यामुळे रामदेवराय यादवाच्या काळचा देवगिरी दाखवायचा असल्यास या तिन्ही गोष्टी गाळाव्या लागतात. शिवाजी महाराजांच्या काळात हा किल्ला मोगलांच्या ताब्यात होता. प्रथेप्रमाणे माथ्यावर महाराजांची मूर्ती बसवल्यास ती मूर्ती श्रद्धेचे प्रतीक म्हणून असते, त्या किल्ल्याच्या इतिहासाचा भाग म्हणून नव्हे. पाटीवर ‘यादवकालीन देवगिरी’ किंवा ‘आजचा देवगिरी’ असा काळाचा उल्लेख केल्यास हा गोंधळ टळतो.

## स्पर्धा आणि प्रदर्शने

पुणे, मुंबई, कोल्हापूर, सातारा, बेळगाव, छत्रपती संभाजीनगर इत्यादी शहरांत मंडळे, शाळा, वृत्तपत्रे व सामाजिक संस्था किल्लेबांधणी स्पर्धा घेतात. मातीचा किल्ला हलवता येत नाही. त्यामुळे या स्पर्धांत परीक्षक प्रत्येक गटाच्या जागी जातात, तर अलीकडे काही स्पर्धांत छायाचित्रे किंवा चित्रफीत मागवली जाते. मूळ किल्ल्याशी साम्य, नैसर्गिक साहित्याचा वापर, मांडणी, सहभागी मुलांचे सहकार्य आणि मुलांनी सांगितलेली माहिती हे गुणांकनाचे नेहमीचे निकष होत. यांतील शेवटचा निकष महत्त्वाचा असतो. किल्ला मोठ्यांनी बांधून दिला की मुलांनी स्वतः उभारला, हे मुलांना दरवाजाचे नाव, पाण्याची टाकी किंवा चोरवाट विचारल्यावर लगेच कळते.

स्पर्धेबाहेरही मोठ्या प्रतिकृती उभारल्या जातात. पुण्यातील इतिहासप्रेमी मंडळाने दिवाळीच्या काळात किल्ल्यांच्या व ऐतिहासिक लढायांच्या मोठ्या प्रतिकृती उभारून त्या निवेदनासह दाखवल्या आहेत. अशा देखाव्यात किल्ल्याबरोबर सैन्याच्या हालचालीही समजावल्या जातात, त्यामुळे तो लढाईच्या लघुप्रतिकृतीच्या अधिक जवळ जातो.

## लघुप्रतिकृती युद्धखेळांशी तुलना

### युद्धखेळांचा इतिहास

लघुप्रतिकृती युद्धखेळात टेबलावर भूभागाची प्रतिकृती मांडून तिच्यावर दोन बाजूंच्या सैनिकांच्या मूर्ती नियमांनुसार हलवल्या जातात. या खेळांचे मूळ बुद्धिबळात आहे, आणि बुद्धिबळ भारतातील चतुरंगातून विकसित झाले. हत्ती, घोडदळ, रथ व पायदळ ही चतुरंगाची चार अंगे होत. इ.स. १७८० मध्ये योहान हेलविग या जर्मन अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यातील घरांना डोंगर, नदी, दलदल असे भूप्रकार दिले. इ.स. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजासाठी रायस्विट्झ यांनी सुटे भूखंड जोडून हवा तसा प्रदेश मांडता येईल असे टेबल तयार केले. त्यांच्या मुलाने इ.स. १८२४ मध्ये नकाशा, फासे व पंच यांचा वापर करणारे नियम प्रसिद्ध केले. प्रशियाच्या सैन्याने ते अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारले.

हा खेळ छंद म्हणून सर्वसामान्यांपर्यंत नेण्यात इंग्रज लेखक एच.जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. वेल्स यांच्या खेळात फाशांऐवजी स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेतून लाकडी गोळी उडवून शत्रूचे सैनिक पाडले जात. टेबलावरची लढाई खऱ्या युद्धापेक्षा कितीतरी बरी, असा या पुस्तकाचा शेवटचा सूर आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. इ.स. १९७४ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाप्रधान खेळ अशाच युद्धखेळांतून निघाला. इ.स. १९८३ पासून ‘वॉरहॅमर’ने काल्पनिक सैन्यांच्या खेळाला जगभर लोकप्रियता मिळवून दिली.

या छंदाची संमेलनेही भरतात. अमेरिकेतील ‘जेन कॉन’ इ.स. १९६८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथे सुरू झाले, तर लंडनमधील ‘सॅल्यूट’ हे इ.स. १९७२ पासून भरते. तेथे खेळणारे गट आपापले सुटे भूखंड व मूर्ती घेऊन एका सभागृहात येतात, खेळ मांडतात, स्पर्धा खेळतात आणि मूर्ती व साहित्याची खरेदी करतात. दिवाळीच्या किल्ल्यांत उलट घडते. किल्ला जागीच राहतो आणि पाहणारे गल्लीगल्लीतून फिरतात.

### भूरचना व नियम

युद्धखेळाच्या टेबलावरही दोन प्रमाणे वापरावी लागतात. सर्वाधिक प्रचलित मूर्ती २८ मिलिमीटरच्या, म्हणजे सुमारे १:६० प्रमाणाच्या असतात. जुन्या बंदुकीचा १०० मीटरचा पल्ला याच प्रमाणात मोजल्यास तो १६७ सेंटिमीटर होईल, आणि नेहमीचे टेबलच सुमारे १८० सेंटिमीटर लांब असते. म्हणून अंतरासाठी वेगळे प्रमाण ठरवतात. एक सेंटिमीटर म्हणजे १० मीटर धरल्यास तोच पल्ला १० सेंटिमीटरचा होतो. त्याचप्रमाणे एक मूर्ती एका सैनिकाची नसून २० किंवा त्याहून अधिक सैनिकांची प्रतिनिधी मानली जाते.

येथे भूरचना केवळ शोभेची नसते. टेकडीवर चढताना चाल मंदावते, जंगलामुळे नेम चुकतो, नदी ठरावीक उतारावरूनच ओलांडता येते, भिंतीआडच्या सैनिकांना संरक्षण मिळते. प्रत्येक भूप्रकाराला नियमांत स्थान असते.

### असईच्या लढाईचे उदाहरण

२३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली असईची लढाई हा युद्धखेळ खेळणाऱ्यांचा परिचित विषय आहे. असई हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. इ.स. १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा होण्यापूर्वी हा प्रदेश तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात होता. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांविरुद्ध येथे आर्थर वेलस्लीच्या नेतृत्वाखाली ईस्ट इंडिया कंपनीची फौज लढली. शिंद्यांच्या कवायती पायदळाची सूत्रे पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होती.

ही लढाई टेबलावर मांडताना केळणा व जुई या दोन नद्या आणि त्यांच्या मधला चिंचोळा भूभाग अचूक असावा लागतो. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसल्यामुळे तेथे उतार असणारच, असा तर्क करून वेलस्लीने केळणा ओलांडली. मराठ्यांच्या कवायती पलटणींनी तत्परतेने दिशा बदलून दोन नद्यांच्या मधे नवी आघाडी उभी केली आणि तिची डावी बाजू असई गावाला टेकवली. गावाजवळच्या तोफांच्या माऱ्यामुळे इंग्रजांच्या उजव्या बाजूची जबर हानी झाली. कंपनीची फौज विजयी ठरली, परंतु तिचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. मराठा तोफखाना व कवायती पायदळ किती तयारीचे होते, हे यातून स्पष्ट होते. टेबलावर नदीचा उतार एका बाजूला सरकवला किंवा असईची मातीची भिंत वगळली तर लढाईचे स्वरूपच बदलते.

### साम्य व भेद

दोन्ही छंदांत भूभागाचा अभ्यास, हाताने घडवणे, रंगवणे, प्रमाणाची तडजोड आणि इतरांना दाखवण्याची हौस समान आहे. भेद तीन बाबतींत दिसतो. पहिला, युद्धखेळाची भूरचना सुटी, टिकाऊ व पुन्हा वापरण्याजोगी असते, तर मातीचा किल्ला दरवर्षी नव्याने बांधला जातो. दुसरा, युद्धखेळ मुख्यतः प्रौढांचा व खर्चिक छंद आहे. किल्ल्याचे बहुतेक साहित्य फुकट मिळते आणि बांधणारी मुले असतात. तिसरा, युद्धखेळात निकाल आधी ठरलेला नसतो. इतिहासात हरलेली बाजू टेबलावर जिंकू शकते आणि ती का हरली, याचा विचार खेळणाऱ्याला करावा लागतो. दिवाळीच्या किल्ल्यात राज्य प्रस्थापित झालेले असते, महाराज सिंहासनावर बसलेले असतात आणि मावळे पहाऱ्यावर उभे असतात.

## शैक्षणिक महत्त्व

किल्ला बांधताना मुलांना नकाशा वाचणे, उंची व अंतराचा अंदाज, उतारावरील मातीची धूप, पाण्याचा निचरा आणि बी रुजण्याची प्रक्रिया यांचा प्रत्यक्ष अनुभव मिळतो. गडावर पाण्याची टाकी कोठे होती, धान्याचे कोठार कोठे होते, वेढा पडल्यास किती काळ तग धरता येई, असे प्रश्न बांधणीच्या ओघात निर्माण होतात. पाठ्यपुस्तकातील इतिहास बहुधा व्यक्ती व घटना यांच्याभोवती फिरतो. किल्ल्याच्या प्रतिकृतीत त्या घटना ज्या जागेमुळे शक्य झाल्या ती जागा समोर येते.

## बदलते स्वरूप

शहरांत वाडे व अंगणे कमी होऊन सदनिका वाढल्या, तशी किल्ल्यासाठी लागणारी मोकळी जमीन व माती दुर्मीळ झाली. गच्चीवर किंवा वाहनतळात बांधताना ओलाव्याची व स्वच्छतेची अडचण येते. त्यामुळे लाकडी फळीवर लहान किल्ला बांधणे, मातीच्या जागी कागदाचा लगदा वापरणे किंवा बाजारातून तयार किल्ला आणणे हे पर्याय पुढे आले. काही काळ थर्माकोलचे किल्लेही दिसत असत. इ.स. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली.

यांपैकी फळीवरचा किल्ला हलवता येतो. तो शाळेत किंवा सभागृहात नेऊन एकत्र प्रदर्शन भरवणे शक्य होते. साच्यातून काढलेल्या तयार किल्ल्यात मात्र प्रथेतील महत्त्वाचा भाग गळून पडतो. त्यात वाट आधीच कोरलेली असते, दरवाजा आधीच बसवलेला असतो आणि चित्रे मांडण्यापलीकडे काही करायचे उरत नाही. दरवाजा येथेच का, पाणी कोठून येणार, कडा कसा उभा राहणार, हे प्रश्न किल्ला स्वतः बांधणाऱ्यालाच पडतात.

## हे सुद्धा पहा

- देवगिरी किल्ला
- महाराष्ट्रातील किल्ले
- असईची लढाई
- चतुरंग
- दिवाळी